राठ केसांचा कुत्रा आणि त्याची निगा

लालबागच्या एका चाळीत आमचा साक्षरतेचा वर्ग भरतो. संध्याकाळी घरची कामे उरकली की बायामाणसे पाटी-वही घेऊन येतात. ह्या वर्गाला येणाऱ्या एक बाई दादरच्या पारशी कॉलनीत एका घरी पुष्कळ वर्षे स्वयंपाकाला होत्या. मालकीणबाई थकल्या आणि परदेशी मुलाकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी आपला कुत्रा बाईंच्या हवाली केला. बाईंना नाही म्हणवेना.

कुत्रा मध्यम चणीचा. अंगावर काथ्यासारखे राठ केस, तोंडाला दाढी, डोळ्यांवर झुपकेदार भुवया. पोरे त्याला पाहून ओरडत, "आजोबा आले, आजोबा आले!" त्याचे पारशी घरचे नाव कोणाला नीट उच्चारता येईना, म्हणून चाळीने त्याला मोत्या म्हणायला सुरुवात केली.

तीन महिने गेले. मोत्याच्या केसांच्या गाठी झाल्या. अंगाला वास येऊ लागला. रात्रभर तो अंग खाजवी आणि त्याच्या पट्ट्याची घुंगरे वाजत. शेजाऱ्यांची झोपमोड होई. कुरबूर सुरू झाली. "एक तर कुत्रं तरी काढा, नाहीतर कमिटीकडे तक्रार करतो," असे एका शेजाऱ्याने बजावले. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री चालतात, खंडोबाजवळ कुत्रा चालतो, मग चाळीतच का चालत नाही?" म्हातारीचे खरे, पण वासाचे काय?

शेवटी बाईंच्या भाच्याने केस कापायचे मशीन आणले आणि मोत्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत भादरून टाकले. दिवस मे महिन्याचे. उघडी कातडी उन्हाने लाल झाली. पुढे केस उगवले ते कापसासारखे मऊ आणि फिकट. त्यांत चिखल पहिल्यापेक्षा जास्त अडकू लागला. एके दिवशी वर्ग सुटल्यावर बाई थांबल्या. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "गुरुजी, आता ह्याला कुठं तरी सोडून द्यायचं का हो?"

आम्ही म्हटले, "थांबा. आधी विचारू. जाणत्याला विचारल्याशिवाय असा निर्णय करू नये."

मग आम्ही दोघे मोत्याला घेऊन परळला गेलो. तेथे विचारून, नंतर वाचून आणि स्वतःच्या हाताने करून जे शिकलो, ते येथे सांगतो.

परळचे बैलघोडा हॉस्पिटल

परळला जनावरांचे जुने इस्पितळ आहे. त्याचे पूर्ण नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट इस्पितळ. पण मुंबईकर त्याला बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. हे नाव का पडले? त्या काळी मुंबई बैलांवर आणि घोड्यांवर चाले. माल बैलगाडीतून जाई. १८७४ साली मुंबईत ट्राम सुरू झाली, तीही घोडे ओढत. विजेची ट्राम १९०७ साली आली. मुक्या जनावरांचे हाल होत, म्हणून १८७४ सालीच त्यांना क्रूरपणे वागवू नये यासाठी झटणारी संस्था मुंबईत निघाली. इस्पितळ त्याच संस्थेचे. सर दिनशॉ पेटिट यांनी त्याला देणगी दिली आणि त्यांच्या पत्नीचे नाव इस्पितळाला मिळाले. १८८६ साली परळलाच जनावरांच्या डॉक्टरांचे कॉलेजही निघाले.

पारशी लोकांना कुत्र्याचा जिव्हाळा फार. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. १८३२ साली सरकारच्या हुकुमाने मोकाट कुत्री मारणे चालले होते, तेव्हा कोटातल्या पारशांनी त्याविरुद्ध मोठी दंगल केली. मोत्याच्या मालकिणीचा जीव त्याच्यात एवढा का गुंतला होता, हे यावरून कळेल.

हे केस निराळे का?

आपल्या गल्लीतल्या कुत्र्याचे केस आखूड आणि अंगासरशी असतात. ते आपोआप गळतात. मोत्यासारख्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगावर दोन थर असतात. वरचा थर राठ, तारेसारखा ताठ केसांचा. आतला थर मऊ, दाट लवेचा. वरचा थर म्हणजे घोंगडी आणि आतला म्हणजे बंडी, असे समजा.

देवाने किंवा माणसाने ही घोंगडी उगीच दिलेली नाही. ह्या जातीचे कुत्रे विलायतेत आणि जर्मनीत शिकारीसाठी वाढवले. टेरियर जातीचा कुत्रा कोल्ह्याच्या मागे बिळात शिरे. डॅशहुंड हे नाव जर्मन आहे. त्या भाषेत 'डाक्स' म्हणजे बिळात राहणारा बिज्जू आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. काट्याकुट्यांतून, ओल्या मातीतून जाताना राठ केस कातडी सांभाळत. काटा लागे तो केसाला. चिखल वाळला की झटकून पडे.

पण राठ केस वाढून पूर्ण झाला की तो मरतो. मेला तरी तो सगळाच्या सगळा आपोआप पडत नाही. बराचसा कातडीत अडकून राहतो. झुडपांत हिंडणाऱ्या कुत्र्याचे काही केस काट्यांना अडकून निघून जात. चाळीच्या गॅलरीत काटे कुठून येणार? म्हणून तेथे ते काम माणसाच्या बोटांनी करायचे असते.

मशीनने केस वरच्या वर कापला जातो. मेलेले मूळ आतच राहते. नव्या ताठ केसाला नीट जागा मिळत नाही, मऊ लव मात्र माजते. म्हणून मोत्याचे अंग कापसासारखे झाले होते. भाच्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला ठाऊक नव्हते, एवढेच.

आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात कुत्र्याला गार वाटावे म्हणून लोक त्याला भादरतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि शरीरातली उष्णता घालवतो. अंगावरचे केस त्याला उन्हापासून राखतात. कातडी दिसेपर्यंत केस काढले तर फायदा न होता तोटाच होतो.

रोजची फणी

सगळ्या निगेचे मूळ म्हणजे फणी. एक दिवसाआड दहा मिनिटे फणी केली तर पुढची निम्मी कामे वाचतात.

आधी ताठ ब्रश फिरवावा, मग रुंद दातांची लोखंडी फणी. केसांच्या दिशेने विंचरावे. काखा, कानांच्या मागे, पोटाखाली आणि दाढीत गाठी लवकर होतात. गाठ दिसली तर ओढू नये. आधी बोटांनी सोडवावी, मग टोकाकडून थोडी थोडी विंचरावी. न सुटणारी गाठ कात्रीने कापावी. पण गाठ आणि कातडी यांच्यामध्ये फणी धरावी. म्हणजे कात्री कातडीला लागत नाही.

फणी करताना हात आणि डोळे दोन्ही चालू ठेवावेत. गोचीड, पुरळ, जखम, गाठ हे सारे फणी करतानाच हाती लागते. मोत्याच्या कानामागची गोचीड बाईंना अशीच सापडली.

पिकलेले केस कसे काढावेत?

पिकलेले बोर हात लावताच देठापासून सुटते. कच्चे बोर ओढले तर फांदी वाकते. केसांचेही तसेच आहे. पाठीवरचे चार-पाच केस चिमटीत धरून हलके ओढून पाहा. सहज हातात आले तर केस पिकले. नाही आले तर दोन-तीन आठवडे थांबा. बहुतेक कुत्र्यांचे केस वर्षातून दोन-तीन वेळा असे पिकतात.

कामाची रीत अशी:

१. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी आंघोळ घालू नये. धुतलेला केस मऊ आणि निसरडा होतो.

२. ओट्यावर किंवा भक्कम पेटीवर गोणपाट अंथरावे, म्हणजे कुत्र्याचे पाय घसरत नाहीत. घरातल्या एकाने त्याच्याशी बोलत त्याला धरावे. कुत्र्याला एकटे उंचावर सोडू नये.

३. बोटांना खडूची पूड लावावी. पकड चांगली बसते. बँकेत नोटा मोजताना घालतात तशा रबराच्या टोप्या बोटांत घातल्या तरी चालते.

४. एका हाताने कातडी किंचित ताणून धरावी. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत थोडेच केस टोकाकडे धरावेत. केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने झटकन ओढावेत. उलट्या दिशेने कधीही ओढू नये.

५. पाठीपासून सुरुवात करावी. मग मान, बाजू आणि डोके. पाय आणि दाढी यांचे केस फार काढू नयेत, थोडे विरळ करावेत.

६. पंधरा-वीस मिनिटांनी थांबावे. एका दिवसात सगळे अंग उरकण्याची घाई करू नये. आज पाठ, उद्या मान, परवा बाजू. आठवडाभरात काम होते.

पिकलेला केस नीट काढला तर कुत्र्याला दुखत नाही. मोत्या तर अर्ध्या कामात झोपी जाई. कुत्रा ओरडला, अंग चोरू लागला किंवा कातडी लाल झाली, तर लगेच थांबावे. केस कच्चा असेल किंवा कातडीला रोग असेल. रोगट कातडीवरचे केस उपटू नयेत. तेथे डॉक्टरच हवा.

पोट, काखा, मांड्यांच्या आतली बाजू, गळ्याखाली आणि शी-शूची जागा येथे केस कधीही उपटू नयेत. तेथली कातडी फार नाजूक असते. बोथट टोकाच्या कात्रीने तेथले केस आखूड करावेत.

केस काढल्यावर दोन-तीन दिवस आंघोळ घालू नये आणि उन्हात फार फिरवू नये. थोडे दिवस कुत्रा उघडा-बोडका दिसेल. घाबरू नका. दीड-दोन महिन्यांत नवे ताठ केस दिसू लागतात.

म्हाताऱ्या किंवा नसबंदी केलेल्या काही कुत्र्यांचे केस मुळातच मऊ होतात आणि बोटांनी निघत नाहीत. त्यांचे केस कात्रीने किंवा मशीनने बेताने कापावेत. कातडीपर्यंत मात्र नाही. आपल्याला प्रदर्शनात बक्षीस मिळवायचे नाही. कुत्रा सुखी राहिला म्हणजे झाले.

तोंड, कान, पाय आणि नखे

डोळ्यांत टोचणारे केस तेवढे कापावेत. कात्रीचे टोक नेहमी डोळ्यापासून दूर ठेवावे. कुत्रा हलत असेल तर कात्री खाली ठेवावी. दाढीला अन्न लागून ती आंबते. चाळीत येणारा निम्मा वास दाढीचाच असतो! जेवण झाले की ओल्या फडक्याने दाढी पुसून कोरडी करावी.

कान उघडून पाहावेत. आत काडी किंवा पिन घालू नये. काळा मळ, घाण वास, सारखे डोके झटकणे ही कान दुखत असल्याची खूण आहे. आपल्या मनाने तेल ओतू नये. डॉक्टरला दाखवावे.

पंजांच्या गाद्यांमधले केस आखूड ठेवावेत, म्हणजे चिखल साचत नाही. नखाच्या आत एक गुलाबी शीर असते. पांढऱ्या नखात ती दिसते. तिच्या अलीकडेच कापावे. काळ्या नखात शीर दिसत नाही, म्हणून तांदळाच्या दाण्याएवढे थोडे थोडे कापावे. रक्त आलेच तर कापसाने दाबून धरावे आणि तुरटीची पूड लावावी.

आंघोळ आणि पावसाळा

रोज आंघोळीची गरज नाही. महिन्यातून एकदा किंवा अंग फार मळले तरच घालावी. आधी विंचरावे, मग पाणी. गाठी भिजल्या की घट्ट होतात. पाणी कोमट असावे. आपला साबण कुत्र्याची कातडी कोरडी करतो, म्हणून कुत्र्याचाच शाम्पू घ्यावा. तो अंगावर राहू देऊ नये, खूप धुवावा. शेवटी जुन्या धोतराने अंग खसाखसा पुसावे. चाळीत पाणी थोडा वेळ येते हे आम्हालाही ठाऊक आहे. पण फणी नेमाने केली तर दोन बादल्यांत काम भागते.

आपल्या मुंबईत खरी कसोटी पावसाळ्याची. चार महिने हवा दमट. अंग ओले राहिले की आतली लव कुजते, कातडीला खाज आणि बुरशी लागते. बाहेरून आल्यावर चारही पाय धुवावेत आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नये. त्या पाण्यात उंदरांचे मूत मिसळलेले असते. त्यातून लेप्टो नावाचा ताप कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबई पाण्याखाली गेली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर ह्या तापाने माणसे दगावली. कुत्र्यासाठी ह्या रोगाची लस असते. पावसाळ्याआधी डॉक्टरला विचारून ती टोचून घ्यावी.

गोचीड आणि ती बाटली

आता मोत्याची खरी कठीण वेळ सांगतो. पावसाळा संपत आला तेव्हा त्याच्या अंगावर गोचिडी झाल्या. शेजारच्या एकाने बाईंना एक बाटली आणून दिली. म्हणाला, "आमच्या गावाला बैलाला हेच लावतात. पाण्यात घालून चोळा, एका दिवसात साफ!"

बाईंनी बादली भरली. झाकण उघडण्याआधी त्यांची नजर चिठ्ठीवर गेली. सहा महिन्यांपूर्वी ती चिठ्ठी त्यांना नुसते चित्र वाटली असती. आता त्यांनी एकेक अक्षर लावून वाचले. पहिलाच शब्द होता 'विष'. खाली पिकावर फवारण्याचे औषध असे लिहिले होते. बाईंनी बाटली तशीच उचलली आणि आमच्याकडे आल्या. हात थरथरत होते. म्हणाल्या, "गुरुजी, मी हे वाचलं."

कुत्रा अंग चाटतो. ते औषध चोळले असते तर मोत्या वाचला नसता. चोळणाऱ्याच्या हातातूनही विष अंगात भिनते. पिकाचे औषध, रॉकेल आणि फिनेल हे कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नये.

गोचीड काढायची ती चिमट्याने. कातडीजवळ, तिच्या तोंडाशी धरावी आणि सरळ ओढावी. बोटांत चिरडू नये. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावी. मग ती जागा व हात धुवावेत. गोचिडी पुष्कळ असतील तर डॉक्टरकडून औषध घ्यावे. ते कुत्र्याच्या वजनाप्रमाणे देतात, म्हणून दुसऱ्याच्या कुत्र्याचे औषध आपल्या कुत्र्याला चालत नाही.

आणि घर विसरू नका. गोचिडीची मादी कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून फटी बुजवाव्यात, कुत्र्याचे अंथरूण गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावे. गोचिडीमुळे कुत्र्याला ताप येतो. तो खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

चावला तर?

घरचा कुत्राही दुखले तर चावतो. दात लागला, ओरखडा उठला, तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात जावे. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही; पण वेळेवर लस घेतली तर रोग टळतो. एके काळी ही लस परळच्याच हाफकिन संस्थेत तयार होई. कुत्र्याला दरवर्षी ह्या रोगाची लस टोचावी आणि महापालिकेचा परवाना काढावा. लसीची तारीख वहीत लिहून ठेवावी.

पुढे काय झाले?

मोत्याचे कापसासारखे केस एका दिवसात सुधारले नाहीत. बाईंनी दर आठवड्याला थोडे थोडे केस काढले. वर्ष गेले तेव्हा पाठीवर पुन्हा ताठ केस आले. खाज गेली, वास गेला. कमिटीकडे तक्रार गेलीच नाही. तक्रार करतो म्हणणारे शेजारी हल्ली सकाळी मोत्याला खाली फिरवून आणतात. भाच्यानेही मशीन बाजूला ठेवले आहे. तो आता फणी धरतो.

बाईंच्या घरात भिंतीवर एक वही टांगलेली आहे. लसीची तारीख, गोचिडीच्या औषधाची तारीख, केस काढल्याची तारीख, सारे बाईंच्या अक्षरात आहे. अक्षर वाकडे आहे, पण एकही तारीख चुकलेली नाही.

मुके जनावर आपले दुखणे सांगत नाही. ते आपण हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून ओळखायचे. रोजची दहा मिनिटे त्यासाठीच.

आता सांगा पाहू

१. राठ केसांच्या कुत्र्याच्या अंगावर किती थर असतात? ते कोणते?
२. केस पिकला आहे हे कसे ओळखाल?
३. कोणत्या जागेचे केस कधीही उपटू नयेत?
४. गोचीड कशी काढावी? घरात काय करावे?
५. बाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली नसती तर काय झाले असते?
६. तुमच्या घरात औषधांच्या किती बाटल्या आहेत? आज प्रत्येकीची चिठ्ठी वाचून पाहा.